ब्रशचं उलटं टोक

अंत्यविधी उरकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराबाहेर आले, तर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधलेला. वर आण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोटो. मागं निळं आभाळ, कापसासारखे ढग. आणि खाली गोल गोल ठिपक्यांच्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'मारुती पेंटर'. लाल ठिपके, पिवळे ठिपके, मधूनच एखादा हिरवा. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला फुगे लावावेत तसं माझ्या बापाचं नाव त्या खांबावर लटकत होतं. गल्लीतल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडायला आल्या होत्या, पण माझं लक्ष त्यांच्या खांद्यावरून त्या फ्लेक्सकडं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझा भाचा सागर, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, शेजारीच उभा होता. आण्णांच्या जुन्या पेंटिंगच्या दुकानातच त्यानं आता फ्लेक्सचं मशीन टाकलं आहे. मोठ्या कौतुकानं मला म्हणाला, "आत्या, बघ की. तुजीच अक्षरं हायत. आजोबांच्या फ्लेक्सवर दुसरी कसली टाकायची?"

अक्षरं माझी आहेत हे खरं. सांगलीला एका शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली, आणि एका वहीत ही ठिपक्यांची बाराखडी वर्षानुवर्षं काढत आले. ती वही सागरनं दोन वर्षांपूर्वी नेली, कॉम्प्युटरवर चढवली आणि तिचा फाँट केला. आयत्या बिळावर नागोबा. आईस्क्रीमच्या गाड्यावर तो फाँट शोभतो, बालवाडीच्या भिंतीवर शोभतो, बारशाच्या पत्रिकेवर तर फारच गोड दिसतो. तिथं मी कुणाशी भांडणार नाही. पण या पठ्ठ्यानं तो खताच्या दुकानाला लावला, दाताच्या डॉक्टरला लावला, आणि पाणी कधी येणार याच्या नोटिशीला इतक्या बारीक आकारात लावला, की कागदावर मुंग्या पसरल्यासारख्या दिसत होत्या. ठिपक्यांचं अक्षर मोठंच असावं लागतं, थोडंच असावं लागतं, आणि ते जवळून बघायचं असतं. हे मी त्याला दहादा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आण्णांना जगात सर्वांत जास्त राग कशाचा असेल, तर याच अक्षरांचा. सागरला ते ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात त्याबद्दल चाळीस वर्षं कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणून ते इथं लिहिते. गोड करून लिहिणार नाही. माझा स्वभाव तसा नाही आणि त्यांचाही नव्हता.

रहिमतपूरचं आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकानात रंगाचे डबे, आणि मागं चूल; मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. त्यामुळं आमच्या भाकरीला टर्पेंटाइनचा वास यायचा. घेवड्याची आमटी, खर्डा, कालवण काहीही असो, पहिल्या घासाला तो वास नाकात जायचाच. पाहुणे यायचे ते दोन घास खाऊन हात आखडता घ्यायचे. आम्हाला मात्र दुसऱ्याच्या घरची भाकरी अळणी लागायची. सकाळी उठल्यापासून घरात एक आवाज असायचा, टिच टिच टिच. ती आमची सुई. जाड घोंगडीची घडी, तिच्यावर ब्राऊन कागद, कागदावर आण्णांनी पेन्सिलीनं काढलेलं अक्षर, आणि बाटलीच्या बुचात खोचलेल्या सुईनं त्या अक्षराच्या कडेकडेनं भोकं पाडत बसलेली आई. आठव्या वर्षी मी तिच्या शेजारी बसले आणि सतराव्या वर्षापर्यंत उठलेच नाही म्हटलं तरी चालेल.

त्या भोकांच्या कागदाला खाका म्हणतात. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं. खाका भिंतीवर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्याच्यावर आपटायची, म्हणजे भोकांतून पूड आत जाते. कागद काढला की भिंतीवर अक्षर उभं, नुसत्या ठिपक्यांचं. मग आण्णा ब्रश घेऊन ठिपक्याला ठिपका जोडत जायचे, आत रंग भरायचे, आणि उरलेली पूड फडक्यानं झटकून टाकायचे. गडद पाटी असली तर कोळशाऐवजी खडूची पूड. ठिपक्यांचं आयुष्य अर्ध्या तासाचं. "ठिपका दिसला की पेंटर कच्चा," असं आण्णा म्हणायचे. शेजारच्या गावचा एक पेंटर घाईत काम करायचा, त्याच्या अक्षरांच्या कडेला काळे ठिपके राहून जायचे. आण्णा बाजाराला जाताना मुद्दाम त्याच्या पाटीसमोर थांबायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "ह्येला देवी आल्यात का रं?"

मला मात्र ते अर्ध्या तासाचं अक्षर फार आवडायचं. रंगानं भरलेलं अक्षर म्हणजे शाळेतलं मूल, हाताची घडी घालून बसलेलं. ठिपक्यांचं अक्षर हलतं. आण्णा ब्रश भिजवत असायचे तेवढ्यात मी त्याच्यापुढं उभी राहून डोळे बारीक करायचे, मग मोठे करायचे. आण्णा मागून म्हणायचे, "सर. उजेड अडवू नगंस."

ब्रश मात्र आम्हा बायकांना धरायचा नाही. बायकांनी टोचायचं, बाप्यांनी ओढायचं, असा आमच्या घरचा कायदा. आण्णांचं म्हणणं, ब्रशच्या केसांना एका हाताची सवय होते, दुसऱ्या हातात गेला की केस फिरतात आणि मग रेघ कधी सरळ येत नाही. त्यांच्या प्रत्येक ब्रशच्या दांड्याला पांढरा दोरा गुंडाळलेला असायचा. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा त्यांचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर 'अ' काढला होता. त्यांनी मारलं नाही. तो ब्रश माझ्यासमोर चुलीत घातला आणि म्हणाले, "बाटला." बाटला. केस जळाल्याचा वास सबंध घरात पसरला होता. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या हातचं एक अक्षर कुठल्या तरी पाटीवर लागावं, रस्त्यावरच्या माणसानं ते वाचावं. एवढंच. याहून जास्त काही मागितलं नव्हतं हे आजही छातीवर हात ठेवून सांगते.

त्या सुमारास आण्णा टोचण्यावरून फार किरकिर करायला लागले होते. भोकं लांब लांब पडतात, भोकं लहान पडतात, पूड नीट उतरत नाही. "जवळ जवळ टोच. धागा सुटतुया." मी आणखी जवळ टोचायचे. महिन्याभरानं पुन्हा तेच. शेवटी शेवटी एका वितीच्या दांडीला मी चाळीस-चाळीस भोकं पाडत होते, बोटांना घट्टे पडले होते, आणि कागद चाळणीसारखा फाटायला यायचा. मी मनात म्हणायचे, यांना मला मुद्दाम छळायचं आहे.

दिवाळी झाली की आण्णा पंधरा-वीस दिवस महाबळेश्वरला जायचे. तिथला पाऊस पाट्यांची दैना करतो. अर्ध्या गावाच्या पाट्या दरवर्षी नव्यानं रंगवाव्या लागतात. बरोबर आई जायची, टोचायला आणि भाकरी थापायला. त्या वर्षी भावाला कांजिण्या आल्या, म्हणून आईऐवजी मला नेलं.  एसटीत घाट चढताना आण्णांच्या मांडीवर ब्रशांचा पत्र्याचा डबा होता, तो ते प्रत्येक वळणाला दोन्ही हातांनी सांभाळत होते.

उतरलो ते एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यात. मालकीणबाईंचा नवरा मिलिट्रीत. मळा, मजूर आणि रस्त्याकडेचं दुकान सगळं त्या एकट्या बघायच्या. पायात गमबूट, डोक्याला मफलर, आणि आवाज असा की खालच्या वाफ्यातला गडी वर बघायचा. त्यांना दुकानावर चार हात लांब पाटी हवी होती. लाल रंगावर पांढरं, 'ताजी स्ट्रॉबेरी'. आण्णांनी पत्र्याला लाल रंगाचे दोन हात दिले, मी रात्रीच खाका टोचून ठेवला. सकाळी बघते तो काय, धुकं खोलीत शिरून कागद ओला लगदा झालेला. धरला की भोकाभोकानं फाटत होता. आण्णांनी त्या लगद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "झाकून ठेवायची अक्कल न्हाई?" एवढं म्हणून कागद आणायला आणि दुसऱ्या एका हॉटेलचं काम बघायला बाजारात निघून गेले. ब्रशांचा डबा बरोबर नेला. एकच ब्रश मागं राहिला होता, रंग ढवळायचा, केस झडलेला, दोरा नसलेला.

थोड्या वेळानं मालकीणबाई आल्या. "पेंटर कुठं हाय?"

"बाजारात गेल्यात."

"आन् माझी पाटी? दुपारी लोकं यायची हायत, फळं काय मुक्यानं इकू? तू लिही की."

मी म्हटलं, "मला ब्रश धरायची परवानगी न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"आण्णांनी."

त्या हसल्या. टोपलीतली एक स्ट्रॉबेरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग नगं धरूस बाई. बघ बापडी कायतरी." आणि गेल्या.

मी ती स्ट्रॉबेरी खाल्ली नाही. हातावर फिरवून बघत बसले. लाल अंगावर पिवळट ठिपके, प्रत्येक ठिपका आपल्या आपल्या खळग्यात बसलेला, एक दुसऱ्याला चिकटलेला नाही. देठाकडं लांब लांब, टोकाकडं जवळ जवळ. समोर चार हात लाल पाटी. मला हसू आलं, एकटीलाच. मी तो झडलेला ब्रश उचलला, उलटा केला, दांड्याचं गोल टोक पिवळ्या रंगात बुडवलं आणि पत्र्यावर टेकवलं. ठिपका उठला, वाटोळा, फुगीर, चमकता. कायदा मी मोडला नव्हता. केसांना हात लावला नव्हता.

पहिली दोन अक्षरं चुकली, ती रॉकेलच्या फडक्यानं पुसली. नऊ वर्षं हजारो भोकं पाडली होती, पण ती नुसती वाट दाखवणारी भोकं. इथं ठिपकाच अक्षर होता. जिथं दोन रेघा भेटतात तिथं ठिपक्यावर ठिपका येऊन डाग दिसत होता, गाठ मारल्यासारखा. 'स्ट्रॉ' मध्ये तर रेघा इतक्या, की ते अक्षर गुदमरत होतं. मग मला सुचलं, भेटीच्या जागचा ठिपकाच गाळायचा. उभी दांडी वरच्या रेघेला टेकते तिथं काहीच ठेवायचं नाही. मोकळी जागा सोडली की बघणाऱ्याचा डोळा आपोआप जोडून घेतो. वळणावर ठिपके जवळ घेतले, सरळ रेघेत लांब. पुढं चाळीस वर्षं मी त्या वहीत जे काही केलं ते या एका सकाळचंच होतं. सागरला वाटतं, हे सगळं कॉम्प्युटरनं केलं.

मालकीणबाई बघायला आल्या त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मग वाफ्यातल्या बायकांना हाक मारली. रस्त्यावर दोन टॅक्सीवाले थांबले, त्यातला एक म्हणाला, "आयला, पाटीच पिकलीया की." सगळे हसले. कुणीतरी मला विचारलं, "कुणी काढलं?" मी म्हटलं, "मी." तो शब्द म्हणतानाचा माझा आवाज मला अजून आठवतो. आयुष्यात एवढं सुख मला त्यानंतर फार वेळा मिळालेलं नाही.

आण्णा आले ते काखेत कागदाची गुंडाळी घेऊन. गर्दी बघून पावलं आवरली. मालकीणबाई म्हणाल्या, "पेंटर, पोरीनं नाव काढलं बघा तुमचं. आता ह्येच ऱ्हाऊ द्या."

आण्णा पाटीजवळ गेले. खूप जवळ गेले, नाक टेकेल इतके. मला वाटलं, बारकाईनं बघताहेत. मग वळून म्हणाले, "आवं बाईसाब, ही अर्धी सोडल्याली पाटी हाय. माझ्या नावावर असली उघडी पाटी लागायची न्हाई." आणि डबा उघडला, दोऱ्याचा ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला.

मी म्हटलं, "आण्णा, नगा." त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. "सर," म्हणाले, "उजेड अडवू नगंस."

माझे ठिपके त्यांनी एकेक करून जोडायला घेतले. ऊन आता वर आलं होतं, लाल रंगावर चकाकत होतं. 'ताजी' कशीबशी झाली. 'स्ट्रॉ' पाशी ब्रश दोनदा अडखळला. आणि 'बेरी' ला ते घडलं. र ची शेपूट जिथं संपते तिथं थांबायचं, ब्रश उचलायचा आणि वेलांटीची दांडी वरच्या रेघेपासून खाली ओढायची, हे अक्षरओळख झालेल्या पोरालाही कळतं. पण वरच्या रेघेजवळचा ठिपका मी गाळला होता. आण्णांचा ब्रश र च्या शेपटीवरून पुढं सरकला आणि सर्वांत जवळ जो ठिपका होता, दांडीच्या तळचा, त्याला जाऊन मिळाला. तिथून वर चढला आणि रेघेच्या खाली दोन बोटं येऊन थांबला, कारण पुढं ठिपका नव्हता. वेलांटी अधांतरी लोंबकळत राहिली, र तिच्या पायाला बांधलेला. ते कुठलंच अक्षर नव्हतं. आणि आण्णांना त्याचा पत्ता नव्हता. ते पुढचा ठिपका शोधत होते. ब्रश हवेत, मान पुढं, डोळ्यांतून पाणी.

मला सगळं एकदम उमगलं. जवळ जवळ टोच, धागा सुटतुया. त्यांना अक्षर दिसतच नव्हतं. कधीपासून कोण जाणे, त्यांना फक्त पुढचा ठिपका दिसत होता, आणि तो मी टोचलेला असायचा.

इथं एखाद्या चांगल्या मुलीनं जे केलं असतं ते मला ठाऊक आहे. बापाच्या हातून ब्रश हलकेच घेतला असता, पोटात दुखतंय म्हणून सांगून त्यांना बाजूला नेलं असतं. माझी पाटी माझ्या डोळ्यांदेखत नासवली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका, मजूर, मालकीणबाई, टॅक्सीवाले, सगळ्यांच्या समोर मी मोठ्यानं म्हटलं, "आण्णांना दिसत न्हाई. ते आंधळं झाल्यात. मी टोचलेलं तेवढंच गिरवत्यात."

 आण्णांनी ब्रश खाली आणला. टर्पेंटाइनमध्ये बुडवून धुतला, फडक्याला पुसला, डब्यात ठेवला. झाकण लावायला त्यांना तीनदा चाचपडावं लागलं आणि ते सगळ्यांनी बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मालकीणबाई इतकंच म्हणाल्या, "पोरी, हे तू घरात बोलायचं हुतंस." मला आजही वाटतं, पाटी उघड्यावर नासवलेली चालते, मग खरं बोलणंच तेवढं घरात का?

घाटावरची बातमी टॅक्सीनं फिरते. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं, की रहिमतपूरच्या पेंटरला दिसत नाही. ठरलेल्या पाट्यांचं एकही काम हातात राहिलं नाही. आमची लाल पाटी मालकीणबाईंनी पुसून दुसऱ्याकडून रंगवून घेतली. म्हणजे माझं अक्षर रस्त्यावर लागलं ते एका सकाळपुरतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं परत आलो. या खेपेला डबा मांडीवर नव्हता, पायांपाशी ठेवला होता, आणि वळणावर तो सरकत गेला तरी आण्णांनी हात लावला नाही.

घरात त्यांनी आईला काही सांगितलं नाही. फक्त मला मामांकडं सांगलीला धाडलं, तिथं चित्रकलेचा कोर्स लावा म्हणाले. लोक याला बापाचा मोठेपणा म्हणतात. मला घराबाहेर काढलं होतं. पुढं मी नोकरीला लागले, लग्न झालं, सणावाराला येत राहिले, आणि ते मला नावानं हाक मारेनासे झाले. मास्तरीण म्हणायचे. "मास्तरीणबाईंस्नी इचारा, त्यास्नी लय दिसतं." पंक्तीत, जावयासमोर, नातवंडांसमोर. मीही कमी नव्हते. "दिसतं तेच बोलते," म्हणून ताट वाढायचे. डोळे अधू झाले होते, जीभ अधू झाली नव्हती. त्यांचीही आणि माझीही.

मी सांगलीला गेल्यानंतर वर्षभरानं सरकारी शिबिरात त्यांचं ऑपरेशन झालं. कमी वयातला मोतीबिंदू. एक डोळा बराच सुधारला, पण ब्रश त्यांनी पुन्हा उचलला नाही. भावानं गाड्यांच्या नंबराचं रेडियम कापायला घेतलं, त्याच्या पोरानं फ्लेक्स आणला. आईनं मला फार उशिरा एक गोष्ट सांगितली. शिबिरात डॉक्टरांनी विचारलं होतं, मोतीबिंदू एवढा वाढेपर्यंत काम कसं केलंत? तर आण्णा म्हणाले, "लेक टोचत हुती तवर दिसत हुतं."

हे ऐकून मला गहिवरून यायला हवं होतं. मला संताप आला. हेच एक वाक्य माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं? बोटांना घट्टे पडेपर्यंत टोचून घेतलं, किरकिर केली, आणि जे खरं होतं ते एका परक्या डॉक्टरला सांगितलं. तसं आईला म्हटलं तर ती म्हणाली, "तू तरी कवा इचारलंस?" त्यावर मी आणखी चिडले.

तर असा तो फ्लेक्स. सागरला म्हटलं, "काढ ते." तो म्हणाला, "आत्या, आता दुसरा छापायला उद्या उजाडंल. लोकं भेटायला यायला लागल्यात. आन् एवढं वाईट काय हाय त्यात?" मी म्हटलं, "आण्णांच्या नावावर उघडी पाटी लागायची न्हाई." हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझी मीच दचकले.

मग मी पांढरा ऑइलपेंट मागितला. भावजय, चुलत्या कुजबुजायला लागल्या, सुतकात हे काय नवीन. आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. आतले ब्रश बहुतेक वाळून काड्या झाले होते. एकच बरा होता, जाड्या केसांचा, दोरा पिवळा पडलेला. तो माझ्या हातात देत म्हणाली, "ह्यो त्यांनी कवा कुणाला दिला न्हाई. आता कोण इचारतंय? घे."

टर्पेंटाइनमध्ये तो मऊ व्हायला तासभर लागला. सागरनं स्टूल धरलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला मी हात लावला नाही, ते राहू दे त्यांचं नाचत. फक्त 'मारुती' एवढं नाव घेतलं. फ्लेक्सवर ऑइलपेंट टिकत नाही, महिन्याभरात पोपडे धरतो, पण तेरा दिवसांचं काम होतं. मी ब्रश सरळ धरला, केसांची बाजू खाली, आणि म पासून सुरुवात केली. लोक बघत उभे होते. कुणी तरी म्हणालं, आत्याबाईंचा हात सारखा बापावर गेलाय. मी वळून बघितलं नाही. ऊन चकाकत होतं आणि मलाही आता चष्म्यातून सगळे ठिपके धड दिसत नाहीत, पण अक्षर दिसत होतं. ठिपक्याला ठिपका जोडत शेवटच्या ती पर्यंत आले. वेलांटीची दांडी खालून वर आणली आणि रेघेखाली दोन बोटांवर ब्रश थांबला. पुढं ठिपका नव्हता. तो मीच गाळला होता. मी दांडी तशीच वर नेली, रेघेला भेटवली आणि स्टुलावरून खाली उतरले.